लूवां-ला-नव्ह : भांडणातून उभे राहिलेले पायी चालण्याचे गाव

घरात भाऊ वेगळे निघाले की भांडीकुंडी वाटली जातात. बेल्जियममध्ये १९७०च्या सुमारास एक विद्यापीठ वेगळे निघाले आणि त्याचे ग्रंथालय वाटले गेले. कोणता ग्रंथ कोणाच्या पैशाने आला, कोणाला देणगी म्हणून मिळाला, याचा हिशेब जिथे लागला तिथे तो लावला. जिथे लागेना तिथे कपाटातला क्रमांक पाहिला. विषम क्रमांकाचे ग्रंथ जुन्या गावात राहिले, सम क्रमांकाचे नव्या गावाला गेले. युरोपात ही हकिगत आजही हसून सांगतात. पण याच ग्रंथालयाची १९१४च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने राख केली होती, जगभरातून मदत येऊन ते पुन्हा उभे राहिले होते आणि १९४०च्या मे महिन्यात पुन्हा जळाले होते, हे ठाऊक असलेल्याला हसू जरा जपूनच येते. दोन महायुद्धांनी केले नाही ते तिसऱ्या खेपेला भाषेच्या भांडणाने केले. संग्रह जळाला नाही, दुभंगला.

या लेखात मला त्या सम क्रमांकाच्या ग्रंथांच्या मागोमाग नव्या गावात जायचे आहे. कारण त्या भांडणातून जे गाव उभे राहिले त्याच्या मध्यभागी मोटारींना जागाच ठेवलेली नाही. शाश्वत विकास हा शब्द अजून कोणाच्या तोंडी बसला नव्हता तेव्हा, म्हणजे १९७३च्या तेलटंचाईच्याही आधी, त्याचा आराखडा तयार झाला होता. हे कसे घडले, याची कथा विद्यापीठांचे आराखडे करणाऱ्यांनी जितकी वाचायला हवी तितकी वाचलेली दिसत नाही.

जुन्या गावाचे डच नाव लोव्हन, फ्रेंच नाव लूवां. ब्रसेल्सच्या पूर्वेला, पंचवीसेक किलोमीटरवर. पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने १४२५ साली तिथे विद्यापीठ स्थापन झाले. शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारा व्हेसेलियस आणि नकाशाकार मर्केटर हे तिथलेच विद्यार्थी. गाव फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्यांच्या मुलखातले. पण एकोणिसाव्या शतकात बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हा शिकलेल्यांची, न्यायालयाची, सैन्यातल्या अधिकाऱ्यांची भाषा फ्रेंच होती आणि विद्यापीठही फ्रेंचमध्येच शिकवत असे. विसाव्या शतकात डच वर्ग समांतर सुरू झाले. एकाच विद्यापीठात दोन विभाग, एकाच गल्लीत दोन भाषांचे फलक.

सीमाप्रश्नाचे चटके सोसलेल्या मराठी वाचकाला पुढचे फारसे समजावून सांगावे लागू नये. १९६२-६३ साली बेल्जियमने भाषिक सीमारेषा कायद्याने पक्की केली. तेव्हा महाराष्ट्र राज्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे होते आणि बेळगाव लोंबकळतच होते. रेषेच्या उत्तरेला डच, दक्षिणेला फ्रेंच, ब्रसेल्स तेवढे दोघांचे. लोव्हन रेषेच्या उत्तरेला पडले आणि तिथला फ्रेंच विभाग एका रात्रीत परमुलखातला झाला. प्राध्यापकांची कुटुंबे, त्यांच्या मुलांच्या फ्रेंच शाळा, त्यांची दुकाने या सगळ्यांकडे गावकरी संशयाने पाहू लागले. हा संशय अगदीच पोकळ नव्हता. ब्रसेल्स हे मुळात डच बोलणारे शहर शे-दीडशे वर्षांत बहुतांशी फ्रेंच झाले होते. तेच इथे होईल, ही भीती फ्लेमिश माणसाने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतून आली होती.

विद्यापीठ चालवत होते बिशप. त्यांनी मे १९६६मध्ये जाहीर केले की विद्यापीठ एकच राहील आणि जागच्या जागी राहील. आदेशाचा सूर असलेल्या त्या पत्रकाने आगीत तेल पडले. ‘वालन बाऊटन’, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या वालून लोकांनो चालते व्हा, ही घोषणा भिंतीभिंतींवर दिसू लागली. जानेवारी १९६८मध्ये फ्रेंच विभागाने आपण लोव्हनमध्येच विस्तार करणार असे सांगितले आणि दंगली उसळल्या. ब्रूजचे बिशप द स्मेट यांनी १९६६ची आपली भूमिका चूक होती असे जाहीरपणे म्हटले. ७ फेब्रुवारीला पंतप्रधान पॉल व्हांडेन बोएनांट्स यांचे सरकार पडले. विद्यापीठाच्या जागेवरून सरकार पडल्याची उदाहरणे जगात फारशी सापडणार नाहीत. पुढच्या दहा वर्षांत बेल्जियमचे तिन्ही मोठे पक्ष भाषेवरून दुभंगले. विद्यापीठ कायद्याने दोन झाले ते १९७० साली.

या सगळ्याला विरोध करणाऱ्यांत एक नाव आपल्याही ओळखीचे आहे. विश्वाचा आरंभ एका ‘आद्य अणू’तून झाला असे प्रथम मांडणारे धर्मगुरू-शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र इथेच प्राध्यापक होते. फाळणीविरोधी प्राध्यापकांच्या संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी उतारवयात स्वीकारले. १९६६च्या जूनमध्ये ते वारले. शेवट त्यांना पाहावा लागला नाही.

जायचे तर ठरले. कुठे जायचे हा प्रश्न होता. वैद्यकशाखेला रुग्णालय हवे आणि रुग्णालयाला रुग्ण हवेत, म्हणून ती ब्रसेल्सच्या कडेला वोलुवे इथे गेली. तिथे वास्तुकार लुसियें क्रोल यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन बांधलेली वसतिगृहे वास्तुकलेच्या इतिहासात गाजली, पण ती वेगळी कथा. बाकी विद्यापीठासाठी ओतिनी या छोट्या गावाजवळचे पठार निवडले. लोव्हनपासून पंचवीसेक किलोमीटर दक्षिणेला, भाषिक रेषेच्या पलीकडे. ओतिनीत रेल्वेचे जंक्शन होते आणि ईव्ह द्यु मोंसो हे तिथले महापौर विद्यापीठाला बोलवायला उत्सुक होते. सगळे मिळून सुमारे ९०० हेक्टर जमीन संपादन झाली. शेते, दोन-तीन जुने वाडे आणि लोझेलचे जंगल. ज्या शेतकऱ्यांची जमीन गेली ते ना त्या भांडणात होते ना त्या विद्यापीठात, हे सहसा सांगितले जात नाही. बिएरो आणि ब्लोक्री या शेतवाड्यांच्या इमारती तेवढ्या राखल्या. आज त्यांत संगीत आणि नाटके चालतात.

इथे या कथेतला महत्त्वाचा निर्णय येतो. १९६०च्या दशकात नवे विद्यापीठ म्हणजे काय, याचे उत्तर जगभर एकच होते. गावाबाहेर मोकळी जमीन, अमेरिकी पद्धतीचे आवार, रुंद रस्ते, एकेका विद्याशाखेची सुटी इमारत आणि प्रत्येकीसमोर मोटारी लावायला पटांगण. आपल्याकडेही विद्यापीठ म्हटले की फाटक, पहारेकरी आणि फाटकापासून वर्गापर्यंतचा लांबलचक डांबरी रस्ता डोळ्यांसमोर येतो, तो याच साच्यातला. लूवांचे प्रशासक मिशेल व्हॉइत्रें यांनी हा साचा नाकारला. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, नगररचनाकार नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की विद्यार्थी सहाशे वर्षे गावात राहून शिकला, पाववाला आणि घरमालकीण यांच्यामध्ये राहून शिकला. त्याला शेताच्या मध्यावर नेऊन कोंडले तर शिक्षण निम्मे होईल. म्हणून विद्यापीठाने आवार बांधू नये, गाव बांधावे, आणि त्यात विद्यापीठाशी काही देणेघेणे नसलेली माणसेही राहावीत.

आराखडा करायला त्यांनी घेतलेली माणसे पाहिली म्हणजे हा हट्ट कुठून आला ते कळते. प्रमुख होते रेमों लमेर. हे कला-इतिहासाचे प्राध्यापक. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४च्या व्हेनिस सनदेचे एक शिल्पकार. त्याच सुमारास लोव्हनमध्ये त्यांच्या देखरेखीखाली एक मोठे काम चालू होते. धर्मनिष्ठ पण संन्यास न घेतलेल्या स्त्रियांची मध्ययुगीन वसाहत, ‘ग्रोट बेगाइनहोफ’, विद्यापीठाने विकत घेतली होती आणि तिची पडकी घरे दुरुस्त करून तिथे विद्यार्थी व पाहुणे प्राध्यापक राहायला येत होते. विटांची बुटकी घरे, फरसबंदी गल्ल्या, मधूनच उघडणारा चौक, कुठेही पाच मिनिटांत पायी पोचता येईल असा पसारा. जुन्या गावातली गल्ली दुरुस्त करता करता या माणसाने ती मोजली, आणि नव्या गावात पुन्हा आखली. लमेर यांच्याबरोबर वास्तुकार जाँ-प्येर ब्लोंदेल आणि नगरनियोजक प्येर लाकोंत होते. नव्या गावाचे नाव ठेवले लूवां-ला-नव्ह, नवी लूवां. फ्रेंच ‘नव्ह’ आणि आपला ‘नव’ एकाच मुळातले, म्हणून मराठी कानाला हे नाव भाषांतर न करताच कळते.

फेब्रुवारी १९७१मध्ये राजे बोदुएँ यांनी कोनशिला बसवली. १९७२च्या शरद ऋतूत पहिले विद्यार्थी चिखलात आले.

आता मोटारींचे काय केले ते पाहू. मोटारीवर बंदी घातली असे म्हणणे चुकीचे होईल. तिला खाली ठेवले. पठाराला मध्येच छेदून मालेझ नावाच्या ओढ्याची दरी जात होती. कोणत्याही साध्या आराखड्यात अशी दरी टाळतात किंवा तिच्यावर पूल घालतात. या मंडळींनी गावाचा मध्य दरीतच धरला. दोन्ही उतारांना टेकून काँक्रीटचा एक प्रचंड स्लॅब टाकला. स्लॅबखाली रस्ते, वाहनतळ, दुकानांचा माल उतरवण्याच्या जागा, नळ आणि तारा. स्लॅबवर गल्ल्या, चौक, दुकाने, वर्ग, घरे. वर चालणाऱ्याला आपण छतावर चालतो आहोत याची जाणीव होत नाही, कारण दोन्ही बाजूंची जमीन त्याच पातळीला येऊन मिळते. एखाद्या जिन्यावरून खाली डोकावले आणि मोटारी दिसल्या की मग उलगडा होतो.

स्लॅब फक्त मध्याला आहे. चारी बाजूंच्या बिएरो, ओकाय, ब्रुयेर आणि लोझेल या वस्त्यांत वेगळी युक्ती केली. मोटार बाहेरच्या वळणरस्त्याने येते, घराच्या जवळपर्यंत येते, आणि तिथे रस्ता संपतो. एका वस्तीतून दुसरीत मोटारीने जायचे तर पुन्हा बाहेर पडून वळसा घालावा लागतो. पायी माणूस मात्र सरळ मधून जातो. कोणालाही अडवायचे नाही, दंड करायचा नाही; चालणाऱ्याची वाट जवळची आणि मोटारीची लांबची, एवढेच करायचे. मला या सगळ्या आराखड्यातली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, आणि तिला काँक्रीट जवळजवळ लागत नाही.

आणखी एक सावधगिरी बाळगली होती. पैसे कधी संपतील याचा भरवसा नव्हता. म्हणून गाव सगळीकडे विखरून सुरू करण्याऐवजी एका टोकापासून सुरू केले. विज्ञानशाखांचा चौक आधी, मग तिथून गल्ली पुढे पुढे सरकत गेली. कोणत्याही वर्षी काम थांबले असते तरी जेवढे झाले तेवढे गाव पुरे दिसले असते. नव्या आवारांत निम्म्या इमारती दूरदूर उभ्या राहतात आणि मधली पोकळी पंचवीस वर्षे भरत नाही. त्या पोकळीतच मोटारीची गरज जन्मते. १९७९पर्यंत स्थलांतर पुरे झाले. त्याआधीच, १९७८मध्ये, आंतरराष्ट्रीय वास्तुकार संघाने नगररचनेचे ॲबरक्रॉम्बी पारितोषिक या गावाला दिले.

रेल्वेचे श्रेय वेगळे द्यायला हवे. ओतिनी जंक्शनपासून काही किलोमीटरचा फाटा खास या गावासाठी टाकला आणि १९७५मध्ये गाडी सुरू झाली. स्टेशन गावाच्या कडेला नाही, ऐन मध्यात आहे, रूळ वस्तीच्या पातळीखाली. फलाटावरून वर आले की समोर विद्यापीठाचा चौक. गाव अजून अर्धेही बांधून झालेले नव्हते तेव्हा गाडी आली, हे महत्त्वाचे. पहिल्या दहा वर्षांत माणसाला जी सवय लागते ती पुढे सुटत नाही. विद्यापीठ आधी आणि गाडी तीस वर्षांनी, असे झाले की मधल्या काळात प्रत्येक जण आपापली सोय करून बसतो आणि मग गाडी रिकामी धावते.

पाण्याचीही गोष्ट थोडक्यात सांगतो. पावसाचे पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या. छपरांवरचे, फरशीवरचे सगळे पावसाचे पाणी दरीच्या खालच्या अंगाला एका तळ्यात जाते. पुराचे पाणी धरून ठेवण्यासाठीच ते तळे आहे, पण रविवारी लोक तिथे बदकांना पाव घालायला येतात आणि त्यांना हे ठाऊक असण्याचे काही कारण नाही. लोझेलचे सुमारे २०० हेक्टरांचे जंगल तसेच राखले.

हे सगळे टिकले ते मात्र एका रूक्ष कायदेशीर कलमामुळे. विद्यापीठाने जमीन विकली नाही. घर बांधणाऱ्याला, दुकानदाराला, कंपनीला ती दीर्घ मुदतीच्या, सामान्यतः ९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने दिली. घर तुमचे, जमीन विद्यापीठाची. त्यामुळे कोणी आपल्या दारात चार गाड्यांची पडवी काढायची म्हटली तर विद्यापीठ नाही म्हणू शकले. नगररचनाकार याला दूरदृष्टी म्हणतात. रहिवासी नेहमीच म्हणतात असे नाही. पट्ट्याची उरलेली वर्षे कमी होत गेली की घर विकायला आणि कर्ज काढायला अडचण येते, आणि पन्नास वर्षांपूर्वीची मुदत आता खरोखरच अर्ध्यावर आली आहे. शिवाय जो जमीनमालक आहे तोच शिक्षकांचा मालक, तोच नियोजक; अशा गावात लोकशाहीला कितीसा वाव राहतो, हा प्रश्न तिथे सुरुवातीपासून विचारला गेला आणि तो रास्त आहे.

गावाचे दुखणे शुक्रवारी संध्याकाळी दिसते. बेल्जियन विद्यार्थी आठवडाभर वसतिगृहात आणि शनिवार-रविवार आईच्या घरी राहतो. शुक्रवारी दुपारपासून चाकांच्या बॅगा फरशीवरून खडखडत स्टेशनकडे निघतात, गाड्या खच्चून भरतात, आणि रात्री गल्ल्या ओस पडतात. व्हॉइत्रें यांना हवे होते तसे पाववाला-घरमालकिणीचे गाव व्हायला बिगरविद्यार्थी रहिवासी पुरेसे हवेत आणि ते हळूहळूच आले. गंमत म्हणजे विद्यार्थ्याच्या खोलीला ही फ्रेंच बोलणारी मुले ‘कोट’ म्हणतात. हा शब्द डच. ज्यांनी हाकलले त्यांचाच शब्द सामानाबरोबर आला आणि राहिला.

ओस गावात जीव आणायला २००५मध्ये स्टेशनाला लागून मोठा मॉल आला, एस्प्लनाद. खाली अर्थातच वाहनतळ. गल्ल्यांतल्या माणसांची संख्या वाढली, पण मॉलचे पुष्कळसे गिऱ्हाईक महामार्गाने मोटारीतून येते, स्लॅबखाली गाडी लावते, वर येऊन खरेदी करते आणि परत जाते. मोटारमुक्त गाव हेच त्याला आकर्षण. मॉल आणखी वाढवायचा बेत निघाला तेव्हा २०१७मध्ये रहिवाशांचे मत घेतले गेले आणि मत देणाऱ्यांतील मोठ्या बहुमताने नको म्हटले. मुकाट्याने ऐकणारे गाव आता राहिलेले नाही, एवढे त्यावरून कळले.

मला खरी मेख दिसते ती गावाच्या हद्दीवर. आत पायी चालणे सोपे करणे विद्यापीठाच्या हातात होते, कारण जमीन त्याची होती. पण रोज ब्रसेल्सकडून आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांनी कसे यावे, हे सरकार आणि रेल्वे ठरवते. ब्रसेल्स ते ओतिनी मार्ग चारपदरी करून जलद उपनगरी गाड्या सोडायचा प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. त्या गाड्यांच्या प्रवाशांसाठी लूवां-ला-नव्हच्या स्टेशनाजवळ दोन हजारांहून जास्त मोटारींचे वाहनतळ मात्र आधी तयार झाले. पायी चालणाऱ्यांच्या गावाला मोटारींचे कोंडाळे पडले आहे आणि त्याचा दोष आराखडा करणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. त्यांच्या कागदाला कडा होत्या आणि प्रवासी त्या कडेच्या बाहेरून येत होता.

इकडे जुन्या लोव्हननेही २०१६मध्ये नवा वाहतूक आराखडा लागू केला. गावाच्या मध्याचे भाग पाडले. एका भागातून दुसऱ्यात मोटारीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो. सायकल आणि बस सरळ जातात. बिएरो आणि ओकायमध्ये पन्नास वर्षांपूर्वी आखली ती हीच युक्ती. लोव्हनच्या मंडळींनी ती नेदरलँड्स-बेल्जियममधल्या इतर शहरांकडे पाहून घेतली असणार.

दोन गावांना जोडणारा लोहमार्ग ओतिनीहून जातो. सिंट-योरिस-वेर्ट हे फ्लेमिश स्टेशन गेले की पेक्रो येते आणि तिथून गाडीतल्या घोषणेची भाषा बदलते. याच पेक्रोजवळ २७ मार्च २००१ला दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. एक रिकामी गाडी लाल सिग्नल ओलांडून चुकीच्या रुळावर निघाली होती. फ्रेंच बोलणाऱ्या सिग्नलवाल्याने पुढच्या माणसाला सावध करण्यासाठी लोव्हनला फोन लावला. पलीकडचा माणूस डच बोलणारा होता. दोघांना एकमेकांचे नीट कळले नाही. आठ माणसे गेली.